गळ आणि गळती

ड्रिलला सव्वादोन इंची गोल करवत लावलेली. समोर धुऊन, पुसून कोरडी केलेली फायबरची होडी. तिच्या काठावर निळ्या चिकटपट्टीचा चौकोन आणि त्यात पेन्सिलीची फुली. मित्र ड्रिल हातात धरून पाच मिनिटं नुसता उभा होता.

"अरे, पाड की," मी म्हणालो.

"होडीला भोक पाडायचंय," तो म्हणाला. "भिंतीला नाही."

वर्सोव्याच्या खाडीकाठची ही गोष्ट. मित्र राहतो बोरिवलीला, नोकरी अंधेरीत. आयुष्यभराची हौस म्हणून त्याने एक जुनी, पाच मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद होडी घेतली. उद्देश एकच, रविवारी गळ टाकून बसणं. त्यासाठी काठावर चार रॉड होल्डर बसवायचे होते. म्हणजे गळाची काठी उभी खोचून ठेवायची नळी. आपण देव्हाऱ्यात उदबत्ती तिच्या घरात खोचतो तशी. दिसायला याहून निरुपद्रवी वस्तू नाही.

पलीकडच्या होडीवर जाळं दुरुस्त करत बसलेले एक तांडेलकाका बराच वेळ आमचा खेळ बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "गळ कुठंपण लावा हो. पाणी कुठनं जाणार ते पहिलं सांगा."

आम्ही दोघं इंजिनिअर. दोघांनाही उत्तर देता आलं नाही. त्या एका प्रश्नाच्या मागे लागून पुढचे दोन महिने जे काही शिकलो, ते इतकं अजब निघालं की लिहिल्याशिवाय राहवेना. मराठीत गळ आणि गळती हे शब्द शेजारी शेजारी का नांदतात, ते मला त्या होडीवर कळलं.

पहिली गोष्ट म्हणजे, होडीत पाणी येणारच. ते येऊच नये म्हणून होडी बनवत नाहीत. आलेलं पाणी जावं म्हणून बनवतात. लाट उसळते, पाऊस पडतो, ओला नांगर वर ओढला की बादलीभर चिखलपाणी सोबत येतं, मासा शेपटी आपटतो. जुन्या लाकडी होड्यांत तर फळ्यांच्या सांध्यांतूनच पाणी पाझरायचं. सांध्यात कापूस ठासून, राळ भरूनसुद्धा. किनाऱ्यावर ओढलेली होडी उन्हात सुकते, लाकूड आकसतं, सांधे उघडतात. ती पुन्हा पाण्यात घातली की पहिले दिवस भरपूर गळते, मग लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि सांधे आपोआप आवळले जातात. गळतीवरचं औषध गळतीतच होतं. तोवर एक माणूस डबा घेऊन उपसत बसायचा. आजही खाडीत कुठल्याही लहान होडीत डोकावलात तर तळाशी तेलाचा तिरका कापलेला प्लॅस्टिकचा कॅन पडलेला दिसेल. त्या डब्याइतका भरवशाचा पंप अजून कुणी बनवलेला नाही. त्याला वीज लागत नाही, तो कचऱ्याने तुंबत नाही आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात त्याचा वेग वाढतो.

पण फायबरच्या नव्या होड्यांत एक युक्ती असते. त्या दुमजली असतात. आपण उभे राहतो तो वरचा मजला, म्हणजे डेक. त्याच्याखाली, होडीच्या खऱ्या तळापर्यंत, एक अंधारी पोकळी. तिला बिल्ज म्हणतात. युक्ती अशी, की डेक बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा दोन-चार बोटं का होईना, उंच ठेवायचा. मग डेकवर पडलेल्या पाण्याला बाहेर जायला पंप लागत नाही, नुसता उतार आणि एक भोक पुरतं. हे म्हणजे आपलं न्हाणीघर. फरशीला मोरीकडे उतार, मोरीला जाळी, पुढे नळी. मुंबईतल्या कुठल्याही प्लंबरला विचारा, तो त्या मोरीला 'नहाणी ट्रॅप' म्हणेल. बांधकामाच्या इंग्रजी कागदपत्रांतही हाच शब्द सापडतो. इंग्रजीला आपल्या न्हाणीने दिलेली ही देणगी मला फार आवडते. होडीवाले याच मोरीला स्कपर म्हणतात. मी मोरीच म्हणणार.

आता ही मोरी किती मोठी हवी? इथे मला पहिला धक्का बसला. मित्राच्या होडीचा डेक साधारण सहा चौरस मीटर. एक लाट आत येऊन त्यावर फक्त पाच सेंटिमीटर पाणी साचलं असं समजू. पाच सेंटिमीटर म्हणजे घोट्याच्याही खाली. ते पाणी भरतं ३०० लिटर, म्हणजे ३०० किलो. चार-पाच धडधाकट माणसं न सांगता होडीत चढल्यासारखं. आणि माणसं निदान एका जागी बसतात. पाणी बसत नाही. परातीत अर्धं पाणी घेऊन चालून बघा. परात जराशी कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. होडीचंही तसंच. ती डावीकडे झुकली की ते तीनशे किलो डावीकडे जमतात, नेमकं नको तिथे. होड्या पाण्याच्या वजनाने बुडतात, तशा पाण्याच्या या धावण्याने उलटतातही.

म्हणजे पाणी नुसतं जायला नको, लवकर जायला हवं. किती लवकर, त्याचा हिशेब सतराव्या शतकात इटलीतल्या टॉरिचेलीने मांडून ठेवला आहे. भांड्याच्या भोकातून पाणी ज्या वेगाने बाहेर पडतं तो वेग, तितक्याच उंचीवरून खाली पडलेल्या दगडाच्या वेगाइतका असतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. पाणी पडत नाही, ते तर आडवं वाहतंय, तरी त्याला वरच्या पातळीपासूनचं अंतर पाठ असतं! आमच्या डेकच्या तळात दीड-दीड इंचाच्या दोन मोऱ्या होत्या. हिशेब केला, तर ते तीनशे लिटर रिकामे व्हायला साधारण सात मिनिटं लागतात. खवळलेल्या पाण्यात सात मिनिटांत दुसऱ्या चाळीस लाटा येऊन जातील. तीच भोकं तीन-तीन इंचांची केली, तर वेळ दोन मिनिटांच्या आत येतो. व्यास दुप्पट, पण वाट चौपट. घरातली मोरी तुंबली की आपण केस काढतो आणि पुढे जातो, होडीत मोरीच्या तोंडाशी अडकलेली एक प्लॅस्टिकची पिशवी सगळं गणित बिघडवते. आपल्या खाड्यांत पिशव्यांची टंचाई नाही.

या युक्तीची एक अट आहे आणि ती अट आम्ही पहिल्याच रविवारी मोडली. मढच्या बाजूला एकाच्या गळाला शिंगाळा लागला. 'लागला, लागला' असा ओरडा झाला आणि होडीतले आम्ही पाचही जण मागच्या टोकाला धावलो. होडीचं मागचं टोक दबलं. डेक बाहेरच्या पाण्याच्या खाली गेला, आणि जी मोरी पाणी बाहेर सोडायची तीच आत घेऊ लागली. पाय ओले झाले तेव्हा खाली पाहिलं. मोरीला बाहेरून एक रबरी झडप असते. पाणी आतून आलं की ती उघडते, बाहेरून आलं की दाबून बंद होते. आमच्या झडपेत काडी अडकली होती. शिंगाळा सुटला तो वेगळाच.

हे सगळं मला कुठेतरी आधी पाहिल्यासारखं वाटत होतं. कुठे, ते परत येताना लक्षात आलं. अंधेरीच्या सबवेत! दर पावसाळ्यात हा सबवे बंद होतो आणि आपण महापालिकेच्या नावाने बोटं मोडतो. पण जरा उपनगराकडे होडी म्हणून बघा. पावसाचं पाणी नाल्यांतून उताराने समुद्राकडे जातं, जोवर समुद्राची पातळी खाली आहे तोवर. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. अशा दिवसांची यादी दर पावसाळ्याआधी वर्तमानपत्रांत छापून येते. त्या वेळी नाल्यांची पातमुखं, म्हणजे समुद्राकडची तोंडं, पाण्याखाली जातात. म्हणजे डेक बुडाला. आता मोरी उघडी ठेवली तर समुद्र नाल्यातून वर येईल, बंद ठेवली तर पाऊस आतच साचेल. होडीच्या रबरी झडपेसारखे पूरदरवाजे लावले तरी प्रश्न निम्माच सुटतो. मग उरतो पंप. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने मुंबईसाठी हेच सुचवलं. जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची होती, ती ५० ची करा, आणि जिथे उतार पुरत नाही तिथे पंप बसवा. त्यातलंच एक जुहूजवळचं इर्ला उदंचन केंद्र. उदंचन हा शब्द ऐकून दचकू नका, त्याचा अर्थ उपसा. तिथला एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी उपसू शकतो. तांडेलकाकांच्या कापलेल्या डब्याचा हा खूप लांबचा, खूप श्रीमंत भाऊ.

होडीतही तेच. डेकवरच्या पाण्याला मोरी, पण डेकच्या खालच्या पोकळीत जे शिरतं ते बाहेरच्या पाण्यापेक्षा खाली असतं. त्याला कितीही उतार द्या, ते स्वतःहून कुठेही जाणार नाही. ते उपसावंच लागतं. आर्किमिडीजने सिराक्यूसच्या एका प्रचंड जहाजाच्या तळातलं पाणी एकट्या माणसाला उपसता यावं म्हणून आपला मळसूत्री पंप वापरला, असं जुन्या ग्रीक लेखनात नोंदलेलं आहे. आज ते काम मुठीत मावणारा बारा व्होल्टचा पंप करतो. त्याला एक तरंगता खटका जोडलेला असतो. पाणी चढलं की खटका उचलला जातो आणि पंप सुरू होतो. आपल्या टाकीतला बॉलकॉकच, फक्त उलट्या स्वभावाचा.

या पंपांच्या खोक्यावर लिहिलेल्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नये. तासाला अमुक गॅलन हा आकडा पंप सपाट, नळीशिवाय, भरलेल्या बॅटरीवर चालवून काढलेला असतो. पाणी मीटरभर वर चढवून, दोन वळणं घेऊन बाहेर टाकायचं म्हटलं की त्यातला बराच भाग वाटेत गळून पडतो. आता दुसरी बाजू बघा. पाण्याच्या पातळीखाली फक्त एका फुटावर, एक इंची भोक उघडं राहिलं तर टॉरिचेलीच्या हिशेबाने मिनिटाला साधारण चव्वेचाळीस लिटर पाणी आत येतं. तासाला अडीच हजारांच्या वर. लहान होड्यांत सर्रास बसवतात तो पाचशे गॅलनचा पंप खोक्यावरच्या आकड्यानेसुद्धा तासाला १,९०० लिटरच काढतो. एक इंचाचं भोक, म्हणजे आपल्या जुन्या रुपयाच्या नाण्याएवढं, पंपाला हरवतं. भोक पाडताना माझ्या मित्राचा हात उगाच थरथरत नव्हता.

आणखी एक गंमत सांगतो, कारण ती समजल्यावर मी खरोखर हसलो. पंपाच्या नळीचं बाहेरचं तोंड पाण्याच्या पातळीखाली ठेवलं तर काय होतं? पंप चालतो, पाणी बाहेर जातं, पंप बंद होतो. नळी आता पाण्याने भरलेली आहे. चाळीत पिंपातलं पाणी नळीने ओढून बादलीत काढलेलं आठवतंय? एकदा तोंडाने ओढलं की पुढे आपोआप वाहत राहायचं, उंचावरून खाली. इथे उंचावर समुद्र आहे आणि खाली तुमची होडी. समुद्र त्याच नळीतून मुकाट्याने आत येऊ लागतो. पंपानेच होडी बुडवली, असं होऊ शकतं. म्हणून बाहेरचं तोंड पाण्याच्या बरंच वर असतं, आणि नळीला वर एक उंच कमान देतात.

आणि पंपाशिवाय, बादलीशिवाय, चालत्या होडीला स्वतःचं पाणी स्वतः ओढून टाकता येतं. डेन्मार्कचा पॉल एल्व्हस्ट्रॉम हा शिडाच्या होडीतला खेळाडू. १९४८ ते १९६० या काळातल्या चारही ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवलं. त्याच्या नावाचे बेलर आजही मिळतात. तळाला बसवलेली एक छोटी, मागे तोंड केलेली घसरट झडप. होडी वेग घेते, तळाखालून पाणी जोराने मागे जातं, झडपेच्या पाठीशी दाब कमी होतो आणि होडीतलं पाणी खालच्या बाजूने शोषलं जातं. तळाला भोक आहे आणि पाणी त्यातून बाहेर जातंय! वेग मंदावला की झडप लगेच बंद करायची. नाही केली, तर काय होतं ते सांगायला नको.

एवढं सगळं डोक्यात घेऊन आम्ही पुन्हा त्या पेन्सिलीच्या फुलीपाशी आलो. आता काकांच्या प्रश्नातली मेख दिसू लागली. काठ वरून भक्कम दिसतो, पण आतून तो पोकळ. काठाला पाडलेलं भोक सरळ खालच्या पोकळीत उघडतं. म्हणजे वरच्या मजल्यावरचं पाणी, जे मोरीने फुकट बाहेर गेलं असतं, त्याला आपण खालच्या मजल्यावर जायची वाट काढून देतो, जिथून ते फक्त पंपाने निघेल. रॉड होल्डर ही काठी खोचायची नळी नंतर, आधी ते एक भोक आहे.

मग किती पाणी शिरतं यातून? मी हिशेब केला आणि चकित झालो. होल्डरचं तोंड साधारण चार सेंटिमीटरचं. उपनगरांत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. सबंध पावसाळा होडी उघड्यावर ठेवली, तरी एका होल्डरच्या तोंडातून फार तर तीन-साडेतीन लिटर पाणी पडेल. चारही मिळून एक बादली. याच्यासाठी का एवढा विचार? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. त्या दिवशी उपनगरात अशी होडी उघडी असती आणि मोऱ्या तुंबलेल्या असत्या, तर तिच्यात सात हजार लिटर, म्हणजे सात टन पाऊस पडला असता. त्यात होल्डरमधलं पाणी किती, तर पाच लिटरच्या आत. खरा चोर तोंडातून येत नाही. तो कडेने येतो.

होल्डरची स्टीलची कड आणि होडीचा काठ यांच्यात केसाएवढी फट राहिली की पाणी तिथे नुसतं पडत नाही, ओढलं जातं. दिव्याची वात तेल वर चढवते ना, तसं. आणि काठाची जाडी असते सॅंडविचसारखी. वर फायबर, खाली फायबर, मध्ये हलकं बाल्सा लाकूड, प्लायवूड किंवा फोम. मधला थर लाकडाचा असेल तर त्याला एकदा पाणी लागलं की ते बाहेर यायला वाट नाही. ते तिथेच मुरतं, लाकूड कुजतं, आणि वरून सगळं चकाचक दिसत राहतं. ओळखायचं कसं? माठ घेताना टिचकी मारतो तसं. नाण्याने काठावर ठोकत जायचं. टणटण आवाज येता येता मध्येच थप्प आवाज आला, की समजायचं आत भाकरीचा लगदा झालाय. जुनी होडी विकत घेणाऱ्याने पैसे मोजण्याआधी एवढी टिचक्यांची मैफल जरूर करावी.

याच्यावरचा उपाय मला फार देखणा वाटला. भोक पाडायचं. मग भोकाच्या कडेने, वरच्या आणि खालच्या कातडीच्या मधला लाकडाचा थर बोटभर आत खरवडून काढायचा आणि त्या खाचेत घट्ट केलेलं इपॉक्सी भरायचं. ते वाळलं की भोकाभोवती दगडासारखं कडं तयार होतं. उद्या सीलंट सुटलं तरी पाण्याला लाकूड भेटतच नाही. घाई करणारे हे टाळतात. ज्यांची होडी सहा वर्षांनी काठाला मऊ पडते, ते बहुधा हेच.

भोकाचा आकारही बघण्यासारखा. होल्डर सरळ उभा नसतो, तीस अंश कललेला असतो, म्हणजे काठ्या बाहेर पसरतात आणि दोऱ्या एकमेकींत गुंतत नाहीत. काकडी तिरकी कापली की चकती लंबगोल येते, तसंच गोल करवत तिरकी धरली की भोक लंबगोल पडतं. ५७ मिलिमीटर रुंद, ६६ मिलिमीटर लांब. करवत तिरकी लावली की ती सुरुवातीला घसरते आणि काठावर चरे पाडते, म्हणून ती चिकटपट्टी, आणि म्हणून पहिले काही फेरे ड्रिल उलटं फिरवायचं, वरचा चकचकीत थर तडकू नये यासाठी. त्याच्याही आधी एक लहानसं भोक पाडून कपड्यांच्या हँगरची तार वाकवून आत घालायची आणि गोल फिरवायची. तार कुठे अडली, तर आत वायर आहे किंवा पेट्रोलची टाकी. आमची तार अडली. सगळं चार बोटं पुढे सरकवलं.

मग जोर. सुरमई, रावस किंवा मोठा जिताडा लागला आणि काठी होल्डरमध्ये असली, तर टोकाला नुसती पाच किलोची ओढ आहे असं धरू. काठी वाकते, तरी टोक होल्डरपासून दीडेक मीटर लांब राहतं. होल्डरची नळी वीस-पंचवीस सेंटिमीटर खोल. ही झाली तरफ. दीड मीटरच्या टोकावरचे पाच किलो, नळीच्या कडेवर पस्तीस-चाळीस किलो होऊन बसतात. आणि तेही एका बाजूला, झटक्याझटक्याने. नुसते स्क्रू मारले तर दहा झटक्यांत भोकं मोठी होतात आणि फट उघडते. म्हणून आरपार बोल्ट, खाली रुंद पट्टी, नट आपोआप ढिला न होणारा. म्हणजे मजबुती आणि पाणबंद असणं या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेतच. होल्डर जितका हलेल, तितका तो गळेल.

सीलंट लावण्यातही एक संयम आहे. भरपूर लावायचं, पण बोल्ट लगेच करकचून आवळायचे नाहीत. आवळले की सगळं सीलंट पिळून बाहेर येतं आणि मध्ये काहीच उरत नाही. हलकं आवळून रात्रभर सोडायचं. सकाळी तयार झालेलं रबराचं वॉशर शेवटच्या फेऱ्याने दाबायचं. बोल्ट ३१६ जातीच्या स्टीलचे घ्यायचे, तरी गंजाची पूर्ण हमी नाही. स्टीलला न गंजण्यासाठी हवेतला प्राणवायू लागतो. ओल्या, बंद फटीत तो संपतो, आणि मग पांढऱ्या होडीवर तपकिरी अश्रू ओघळतो. तो दिसला की समजा, आत पाणी बसलंय.

होल्डरच्या नळीचा तळ उघडा ठेवायचा की बंद? उघडा ठेवला तर पाणी पोकळीत. बंद ठेवला तर नळीत पाणी साचून राहतं, आणि मुंबईत साचलेल्या पाण्याचं काय होतं ते जूनमध्ये घरोघरी येणारे महापालिकेचे कर्मचारी चांगलं सांगतील. डासांची शाळा. बरोबर उत्तर तिसरं. तळ बंद, पण त्याला खालून एक लहान नळी जोडायची आणि ती डेकच्या मोरीकडे नेऊन सोडायची. नळीला सबंध वाटेत उतार हवा, कुठे झोळ पडता कामा नये. झोळात पाणी, पाण्यात शेवाळ, शेवाळाने नळी बंद. पाणी वरच्या मजल्यावर आलं, वरच्याच मजल्यावरून गेलं. काकांच्या प्रश्नाचं हे उत्तर होतं.

आम्ही ते त्यांना नेऊन दाखवलं. त्यांनी होल्डरमध्ये तांब्याभर पाणी ओतलं, मोरीच्या बाहेरून ते टपटप पडताना पाहिलं, आणि जाळ्याकडे वळले. शाबासकी वगैरे काही नाही.

इथे एक कबुली. समुद्रावर गळ टाकायला निघायच्या आधी आम्ही पवईला जाऊन सराव केला असता तर बरं झालं असतं. १८९१ मध्ये बांधलेल्या त्या तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनची मंडळी अनेक दशकं गळ टाकून बसत आली आहेत. तिथे मगरी आहेत, पण भरती नाही. आम्हाला भरतीचीच हौस. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा कोळीवाड्यातल्या होड्या किनाऱ्यावर असतात. आमचीही ताडपत्रीखाली होती, नाक उंच करून ठेवलेली. जमिनीवर असताना तळातलं पाणी निघून जावं म्हणून मागच्या भिंतीच्या तळाशी एक भोक असतं आणि त्याला पितळी बूच. पावसाळाभर ते बूच काढून ठेवायचं, म्हणजे आत आलेलं सगळं पाणी आपोआप निघून जातं. आम्ही अगदी शहाण्यासारखं ते काढलं होतं.

नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी होडी पाण्यात घातली. चार होल्डर चमकत होते, चार काठ्या तिरक्या उभ्या. मोऱ्या साफ, झडपा साफ, पंपाला नवी बॅटरी. सहाव्या मिनिटाला मागचं टोक जड वाटायला लागलं. डेक कोरडा होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. मित्राने रुमाल काढायला खिशात हात घातला आणि त्याच्या हाताला काहीतरी थंड, पितळी लागलं.

मिनिटाला चव्वेचाळीस लिटर. गणित अगदी बरोबर होतं. पंप चालू होता आणि हरत होता. काठ जवळ होता म्हणून परत आलो, आणि तो कापलेला कॅन होता म्हणून.

तेव्हा होल्डर कुठेही बसवा, कितीही बसवा. होडी लोटण्याआधी मात्र मागे जाऊन, वाकून, बूच बसवलंय का ते हाताने चाचपून बघा. डोळ्यांनी नाही, हाताने.